बाक, विमाकाका आणि राहून गेलेलं ‘तथापि’

समोरच्या माणसाचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यावं, असं लहानपणापासून सगळेच सांगतात. मला त्याचा पगार मिळतो. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात मी उत्तरं लिहितो. कोणाच्या नळाला पाणी येत नाही, कोणाच्या भिंतीतून न बोलावता येतं. मंडळी रागारागाने लिहितात आणि मी शांतपणे उत्तर देतो. आमच्या उत्तराचा एक ठरलेला साचा आहे. पहिल्या परिच्छेदात तक्रारदाराचं म्हणणं इतक्या मनापासून मांडायचं, की वाचताना त्याला वाटावं, चला, जगात एक तरी माणूस आपल्याला समजून घेणारा निघाला. दुसरा परिच्छेद ‘तथापि’ या शब्दाने सुरू होतो आणि तिथे त्याच्या सगळ्या आशा संपतात.

पहिला परिच्छेद लिहिण्यात माझा हात धरणारा ऑफिसात कोणी नाही. एका गृहस्थांनी तर पाणी नाकारल्याबद्दल मला आभाराचं पत्र पाठवलं होतं. सांगायचा मुद्दा, वाद कसा घालावा हे आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. ती समजूत आता उरलेली नाही. ती घालवायला ज्यांनी ज्यांनी हातभार लावला, त्यांचा मी मनापासून ऋणी आहे, आणि ते ऋण मान्य करायला म्हणूनच हे लिहायला बसलोय.

प्रकरण एका बाकाचं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. आईचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा हाडांचे डॉक्टर म्हणाले, “जिना उतरा, चढा, काही हरकत नाही. चालतं राहिलेलंच बरं. फक्त मध्ये बसायचं. एका दमात नाही.” आता जिन्यात मध्ये बसायचं कुठे? पायरीवर एकदा बसवून पाहिलं. बसण्याचं काम झकास झालं. उठवायला मात्र मी, माझी बायको आणि पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर अशी तिघांची फौज लागली. डॉक्टरांनी सवयीने “तोंड उघडा” असंही म्हणून घेतलं. आईला त्या सगळ्याची इतकी लाज वाटली, की तिने खाली उतरणंच सोडून दिलं.

मग घडीची खुर्ची घेऊन तिच्याबरोबर का उतरला नाहीस, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. घडीच्या खुर्चीवर आईचा विश्वास नाही. एक खुर्ची पूर्वी तिच्यासकट मिटली होती. आणि साधी खुर्ची घेऊन मागून यायला लागलो तर म्हणाली, “पुढे मी आणि मागे खुर्ची घेऊन तू. लोकांना वाटेल घर बदलतोय.”

खाली अंगणात एक झाड आहे आणि झाडाखाली सिमेंटचा कट्टा. समोरच्या इमारतीतल्या शिवणबाई रोज संध्याकाळी तिथे येऊन बसतात. शिवणकामाचे क्लास घ्यायच्या म्हणून शिवणबाई. आई आणि त्या, दोघींची त्या कट्ट्यावरची मैत्री माझ्या लग्नाहून जुनी आणि तुलनेने जास्त सुखाची. आई उतरेनाशी झाली आणि बाईंना जिना चढणं कधीच सोडावं लागलं होतं. म्हणून मग आई गॅलरीतून आणि बाई खालून, असा संवाद सुरू झाला. बाईंना कमी ऐकू येतं. त्यामुळे आमच्या घरातल्या गोष्टी सगळ्या वस्तीला तोंडपाठ झाल्या. माझी बढती हुकल्याचं तर दूधवाल्याने मला सांगितलं.

एक दिवस बाईंनी खालून ओरडून सांगितलं की, मुलाकडे जातेय, दुसऱ्या गावी, कायमची. महिनाअखेरीला. आईने वरून “बरं झालं, बरं झालं, नातवंडं भेटतील” असं ओरडून सांगितलं आणि आत आली. मग टीव्ही पुसता पुसता, टीव्हीलाच सांगावं तसं म्हणाली, “एकदा शेजारी बसून बोलायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.”

मी ठरवलं, जिन्यात बाक बसवायचा. बरोबर अर्ध्या वाटेवर, दुसऱ्या मजल्यावर, जिथे पॅसेज चांगला ऐसपैस आहे. एका बाकाला असा किती त्रास पडणार? माणसाने असे प्रश्न मनातसुद्धा विचारू नयेत.

पहिली चूक म्हणजे परवानगीआधी बाक आला. सुताराने तो इतका भक्कम केला होता की त्याच्यावर आईच काय, आमचं अख्खं कार्यालय बसलं असतं, आणि आमच्या कार्यालयाला बसण्याचा सराव आहे. दोन माणसं तो घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचतात न पोचतात तोच समोरचं दार उघडलं आणि विमाकाका बाहेर आले.

विमाकाका एकटे राहतात. जन्मभर विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचं काम केलं. जळलेली गोदामं, बुडालेली दुकानं आणि चेपलेल्या गाड्या पाहण्यात हयात गेल्यामुळे धडधाकट वस्तू दिसली की ती पुढेमागे कशी मोडेल हेच त्यांना आधी दिसतं. त्यांच्या हातात चहाचा कप दिला तर ते आधी गालिच्याकडे बघतात.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

“बाक.”

“ते दिसलं. इथे कशाला?”

मी म्हटलं, “काका, माणुसकी म्हणून काही असतं.”

“असतं ना. आग लागली तर माणसांना पळता यावं म्हणून जिना मोकळा ठेवतात, त्यालाच म्हणतात.”

“आपल्याकडे कधी आग लागलीय?”

“लागायच्या आधी कुठेच लागलेली नसते.”

ज्याला उत्तर नसतं त्याला माणूस जे देतो तेच मी दिलं. म्हणालो, “तुम्हाला कोणाचं चांगलं बघवतच नाही.” काकांनी माझ्याकडे पाहिलं. दार लावून घेतलं. हमालांनी विचारलं, “साहेब, आता?” मी म्हटलं, चौथा मजला.

सुतार बाक परत घ्यायला तयार नव्हता. “लाकूड होतं तेव्हा सांगायचं होतंत,” तो म्हणाला. “आता त्याचा बाक झाला. त्याला परत झाड करू का?” त्यामुळे बाक आमच्या घरात आला आणि बाहेरचं दार व स्वयंपाकघर यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे जिथून आम्ही सगळे दिवसभर जातो-येतो तिथे, स्थायिक झाला. दुसरीकडे तो मावतच नव्हता. माझ्या नडगीवर एक काळानिळा वळ उठला. बायकोच्या करंगळीने बाकाचा कोपरा शोधून काढला. गॅस तपासायला आलेला माणूस गॅस न तपासताच लंगडत परत गेला.

इकडे बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. दातांचे डॉक्टर म्हणाले, “गुपचूप ठेवून द्या. सकाळी लोकांना वाटेल, पहिल्यापासून होताच.” तिसऱ्या मजल्यावरचे शेअरबाजारवाले म्हणाले, “घाई नको. विरोध आत्ता चढा आहे, उतरू द्या.” सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “कमिटीपुढे या. पण आधी अग्निशमनवाल्यांचं ना-हरकत आणा. आणि मला आत्ता बाकाचं काही सांगू नका, त्या पंपाने माझं डोकं उठवलंय.” इमारतीचा पाण्याचा पंप गेले काही महिने दुपारी किंचाळत असे. मधूनच एखादी लांब किंकाळी, मग बारीक बारीक कण्हणं. बाईंनी बेअरिंग बदललं, तेल घातलं, पुन्हा बेअरिंग बदललं. पंप दिवसेंदिवस जास्तच दुःखी होत चालला होता.

अग्निशमन कार्यालयात मी रीतसर रजा टाकून गेलो. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, “बाक ज्वलनशील आहे का?” मी म्हटलं, लाकडाचा आहे. “मग हरकत आहे.” लोखंडाचा केला तर? “मग आमच्याकडे कशाला आलात?” मी म्हटलं, ना-हरकत हवं म्हणून. ते म्हणाले, “जिथे हरकतच नाही तिथे आम्ही ना-हरकत देत नाही.” मी स्वतः सरकारी उत्तरं लिहून पोट भरणारा माणूस, पण मनातल्या मनात त्यांना सलाम ठोकला.

घरी येऊन बाकाला ठेचकाळून मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अहो, ऑफिसात दिवसभर परक्या माणसांचं इतकं समजून घेता, मग जिन्यातच का अंगावर जाता? एकदा त्यांच्याकडे जाऊन नीट ऐकून तरी या.”

हे मला लागलं. लागलं म्हणजे पटलं. तर मी दुसऱ्या दिवशी विमाकाकांकडे गेलो, “तुम्हाला कोणाचं चांगलं बघवत नाही” हे वाक्य परत घेतलं आणि म्हटलं, “काका, मला तुमची बाजू समजून घ्यायची आहे. मी मध्ये बोलणार नाही.” काकांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग चहा केला. आणि मग बोलायला लागले. धुराने अंधारलेल्या जिन्यात माणूस भिंतीला हात लावून उतरतो, तेव्हा त्याच्या गुडघ्याला काय लागतं, हे त्यांनी मला सांगितलं. पॅसेजमध्ये आज बाक आला की उद्या बाकाखाली चपला येतात, परवा शेजारी कुंडी येते आणि मग कुंडीला सोबत म्हणून सायकल, हे सांगितलं. एका इमारतीत अशाच एका कपाटामागे अडकलेल्या बाईंबद्दल सांगितलं. मी खरोखर मध्ये बोललो नाही. शेवटी मी त्यांचं सगळं म्हणणं त्यांनाच परत सांगून विचारलं, “बरोबर मांडलं का?”

काका म्हणाले, “मलासुद्धा इतकं नीट सांगता आलं नसतं.”

मी जिना चढताना चक्क शीळ घातली. निम्मी लढाई आपण जिंकली, असं मला वाटत होतं. कोणत्या बाजूने, हा विचार डोक्यात आला नाही.

कमिटीची सभा रविवारी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात, तळमजल्यावरच्या प्रतीक्षा खोलीत भरली. भिंतीवर किडलेल्या दातांची मोठमोठी चित्रं, त्यामुळे सभेला आपोआपच गांभीर्य येतं. सेक्रेटरीबाईंनी मला उभं केलं. मी खाकरलो आणि जन्मभराच्या सवयीने पहिला परिच्छेद सुरू केला. म्हणालो, “बाकाचा माझा प्रस्ताव आहे, पण त्याआधी विमाकाकांचं म्हणणं आपण नीट समजून घेतलं पाहिजे.”

काय सांगू! असा मी कधी बोललो नव्हतो. धूर सांगितला, अंधार सांगितला, चपला, कुंडी, सायकल सगळं सांगितलं. काकांना न सुचलेलाही एक मुद्दा घातला, की बाक असेल तर त्या वळणावर स्ट्रेचर वळणार नाही. कपाटामागच्या बाईंपर्यंत आलो तेव्हा शेअरबाजारवाल्यांच्या बायकोने डोळे टिपले. शेवटी पुरावा म्हणून पँट वर करून नडगी दाखवली. खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. डॉक्टरांच्या दवाखान्यात तशा बऱ्याच पडलेल्या असतात.

“तथापि,” असं म्हणायला मी श्वास घेतला आणि दाराची घंटा वाजली. गाल सुजलेला एक पेशंट आत आला. डॉक्टर घाईघाईने उठले. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “छान. सगळं स्पष्ट झालं. बाक नको असं कोणाकोणाला वाटतं?”

सगळे हात वर गेले. डॉक्टरांनी एका हाताने पेशंटला खुर्चीत बसवत दुसरा वर केला. पेशंटनेही केला, तो बहुतेक दुखत होतं म्हणून. माझ्या बायकोचा हात वर होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? आणि खरं सांगायचं तर माझाही हात खांद्यापर्यंत गेला होता. तो मी वेळेवर ओळखून डोकं खाजवायला वळवला.

“तुम्हीच इतकं पटवून दिलंत,” बायको जिना चढताना म्हणाली. “मला वाटलं तुमचं मत बदललं.”

“अगं, पुढे ‘तथापि’ होतं.”

“मग ते आधी म्हणायचं ना!”

घरी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, “चांगलं केलंस. त्यांचं खरंच आहे, जिना मोकळाच हवा.” मग थोडा वेळ गुडघा चोळत राहिली आणि म्हणाली, “त्यांचं तू मांडलंस. माझं कोणी मांडलं?”

रागाने नाही म्हणाली. साधं विचारलं. पण मला तोंड वर करून बघवेना. सभेत मी सगळ्यांविषयी बोललो होतो. न लागलेल्या आगीविषयी बोललो, न आलेल्या सायकलीविषयी बोललो. आईचं नावही घ्यायचं राहिलं होतं.

त्याच संध्याकाळी दाराची घंटा वाजली. विमाकाका होते. आत पाऊल टाकलं आणि थेट बाकावर आदळले. पाहणीचा अनुभव दांडगा असल्यामुळे विव्हळता विव्हळता त्यांनी बाकाची जाडी बघून घेतली. मग त्याच बाकावर बसून म्हणाले, “मी सभा जिंकली तेव्हापासून मला चैन नाही.”

“का हो काका?”

“चाळीस वर्षं नोकरीत लोकांच्या शिव्या खाल्ल्या. माझं म्हणणं कोणी कधी पुरतं ऐकलं नाही, मांडणं तर लांबच. तुम्ही ते भर सभेत मांडलंत, तेही स्वतःच्या विरुद्ध. ते फेडल्याशिवाय मला झोप यायची नाही. तुमची बाजू मला मांडायची आहे. पण ती मला माहीतच नाही हो! त्या दिवशी जिन्यात तुम्ही नुसतं माणुसकी म्हणालात.”

मी बोलायला लागलो तर आईने मला हाताने गप्प केलं. ती त्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसली. काकांनी नोकरीतला जुना आवाज काढला. “आई, नेमकं नुकसान काय झालंय ते सांगा.”

“संध्याकाळ गेली,” आई म्हणाली.

मग तिने शिवणबाईंचं सांगितलं. कट्ट्याचं सांगितलं. महिनाअखेरीचं सांगितलं. गॅलरीतून ओरडून सगळं बोलता येतं, पण काही गोष्टी ओरडून बोलायच्या नसतात, हेही सांगितलं. काका उठले, या वेळी बाकाला वळसा घालून गेले आणि पुढच्या रविवारी दुसरी सभा बोलावली.

त्या सभेत विमाकाका आईच्या बाजूने जे बोलले, ते ऐकून माझी मान खाली गेली. मी मुलगा असून मला तसं बोलता आलं नसतं. बाक बसलाच पाहिजे, असं ते म्हणाले आणि बसले. आता मी टाळ्या वाजवून गप्प राहायचं की नाही? पण आठवडाभर त्या बाकावर नडगी फोडून घेतल्यामुळे काकांची आधीची बाजू मला मनापासून पटली होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “काकांचे मी आभार मानतो. पण जिन्यात बाक नको.”

“नको कसा?” काका उसळले. “तुमच्या आईचा प्रश्न आहे!”

“आणि आग लागली म्हणजे?”

“कधी लागलीय इथे आग?”

“लागायच्या आधी कुठेच लागलेली नसते!”

सेक्रेटरीबाईंनी टेबलावर हात आपटला. “तुम्ही दोघं आधी बाहेर जाऊन ठरवून या, कोण कोणाच्या बाजूने आहे ते.” मत घेतलं तर अर्धे हात इकडे, अर्धे तिकडे. शेअरबाजारवाल्यांनी तर दोन्हीकडे वर केला, धोका वाटून घ्यावा म्हणून. बाई म्हणाल्या, “राहू द्या तो बाक. पुढचा विषय. पंप. बेअरिंगने भागत नाही, नवा पंप घ्यायचा असं मी ठरवतेय. कोणाचा विरोध?”

कोणाचाच नव्हता. फक्त शेअरबाजारवाल्यांची बायको म्हणाली, “पण परवा वीज गेली होती तेव्हाही तो किंचाळत होता. असं कसं?”

सगळे विचारात पडले. आणि मग विमाकाका सावकाश उभे राहिले. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

“नवा पंप घेऊ नका,” ते म्हणाले. “खोट्या नुकसानीवर मी आयुष्यात कधी सही केली नाही. तो पंप नाही. तो मी आहे.”

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“मी व्हायोलिन शिकतोय.”

भिंतीवरच्या दातांसकट सगळे आ वासून बघत राहिले. काका खाली बघून बोलत होते. “नोकरीत जमलं नाही. म्हटलं आता शिकावं. दारं-खिडक्या लावतो, फटीत टॉवेल कोंबतो. मला वाटायचं, कोणाला ऐकू जात नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आगीचं मी खोटं सांगितलं नाही. पण बाक नको म्हणालो, ते त्याच्यासाठी नव्हतं. बाक आला की दाराबाहेर माणूस येऊन बसणार. बसला की ऐकणार. आणि मला अजून काही येत नाही.”

एवढा सुरेख पहिला परिच्छेद मी रचला होता, आणि काकांचं खरं म्हणणं त्यात नव्हतंच. त्या दिवशी चहा पिताना मी त्यांना सगळं विचारलं होतं, पण कोपऱ्यातल्या त्या लांबट पेटीत काय आहे, हे विचारलं नव्हतं.

“म्हणजे दोन्ही वेळा बेअरिंग बदललं ते...” सेक्रेटरीबाईंचा आवाज बारीक झाला.

“त्या बिलांवर कमिटी सदस्य म्हणून सही माझीच आहे,” काका म्हणाले. “आवाज ऐकून मलाही नेहमी वाटायचं, पंपाचं काहीतरी बघायला हवं.”

आधी डॉक्टर हसले. मग बाई हसल्या, आणि त्या हसल्यावर कोणालाच आवरेना. गंमत म्हणजे काकाही हसत होते, महिनोन्महिने दाबून ठेवलेलं ओझं एकदाचं जमिनीवर ठेवल्यासारखे. हसणं ओसरल्यावर म्हणाले, “सगळ्यांनी ऐकलंच आहे, तर आता दार लावून काय उपयोग? असं करू. बाक माझ्या घरात ठेवू, दाराच्या अगदी आत. संध्याकाळी दार उघडं ठेवीन. जिना मोकळाच राहील आणि आईंना बसायला जागा होईल.”

हे इतकं साधं होतं, की आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. ते ज्याचं दार होतं त्यालाच सुचू शकत होतं, आणि त्याने ते आपण होऊन उघडेपर्यंत मी बाहेर नुसती भाषणं करत होतो. या वेळी मी दोन्ही हात वर केले.

बाक दोन मजले उतरवायला सगळी कमिटी आली. संध्याकाळी आई निघाली. दोन मजले उतरली, विमाकाकांच्या घरात बाकावर बसली. काकांनी व्हायोलिन काढलं, हनुवटीखाली धरलं आणि एक सूर लावला. आई म्हणाली, “भाऊ, हा दुपारी जास्त वाईट लागायचा.” काकांचा चेहरा असा खुलला, की कोणी पदक दिलं असतं तरी इतका खुलला नसता. मग ती उरलेले दोन मजले उतरली.

कट्ट्यावर शिवणबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि सवयीने मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघत होत्या. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. पुढचं मी बघितलं नाही. मी जिन्यात उभा राहून, विमाकाका, सेक्रेटरीबाई, डॉक्टर, हात वर करणारी माझी बायको, अगदी बाक परत न घेणारा सुतार, सगळ्यांचे मनातल्या मनात आभार मानत होतो. महिनाअखेरीपर्यंत एकही संध्याकाळ दोघींनी चुकवली नाही.

मग शिवणबाई गेल्या. आम्ही सगळे त्यांना गाडीपर्यंत सोडून आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली तरी आई जागची हलली नाही. गॅलरीत बसून रिकाम्या कट्ट्याकडे बघत होती. मी म्हटलं, “आई, उतरायचं ना?” ती म्हणाली, “आता कशाला रे?” पटवायला काही हाती असावं लागतं. मी तिच्या शेजारी नुसताच बसून राहिलो.

अंधारायच्या थोडं आधी घंटा वाजली. दारात विमाकाका, धापा टाकत. एका हातात व्हायोलिनचा गज तसाच होता.

“आई, हे काय चाललंय?” ते म्हणाले. “मी केव्हाचा दार सताड उघडं टाकून बसलोय. चोर शिरला तर जबाबदारी कोणाची?”

“अहो भाऊ,” आई म्हणाली, “खाली आता कोणी नाही.”

“खाली नसेल,” काका म्हणाले. “दुसऱ्या मजल्यावर मी आहे ना.”

आई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मला म्हणाली, “माझ्या चपला कुठे आहेत रे?”

चपला समोर, दारातच होत्या. पण त्या मला चटकन दिसल्या नाहीत, माझे डोळे भरून आले होते.